लाल स्क्रीन, सायरन आणि फोन नंबर: बाबांनी नुसतं बघितलं की पुढे काही केलं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे दुसरं कुणी वाचलं तरी कळेल. बाबा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला, रिटायर्ड मास्तर, घरी विंडोज 10 चा पीसी, त्यावर गावातल्या सोसायटीचे हिशेब टॅलीत ठेवतात. परवा जमिनीचा उतारा काढायला गूगलवर शोधत होते तर अचानक अख्खी स्क्रीन लाल झाली, सायरन वाजायला लागला, इंग्रजीत एक बाई बोलायला लागली की कॉम्प्युटर लॉक केलाय, बंद करू नका, ह्या नंबरवर फोन करा. बाबांनी फोन केला, पलीकडच्याने एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, घ्यायला लावलं, वीसेक मिनिटं काय काय दाखवत बसला, नेटबँकिंग उघडायला लावलं, मधेच स्क्रीन काळी झाली आणि आईंनी प्लग ओढला. पैसे गेलेले दिसत नाहीत. आता तुम्ही पुण्यात बसून विचारताय की फॉरमॅट मारायचा का, टॅलीचा डेटा वाचेल का, कुठला अँटीव्हायरस घ्यायचा, आणि बाबांचं नेटबँकिंग कायमचं बंद करून टाकू का.

मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, उद्यमबागच्या कारखान्यांपासून खेड्यातल्या सोसायट्यांपर्यंत, आणि असली केस आता नेहमीची झालीय. आईंनी प्लग ओढला हे एकदम बरोबर केलं, त्यांना तसं सांगा, कारण घरातले नंतर त्यांनाच बोलतात की असा प्लग ओढून मशीन खराब होतं.

घाईचं आधी. बाबांनी नेटबँकिंगचा पासवर्ड त्या माणसाच्या समोर टाकला म्हणजे तो पासवर्ड गेला असंच धरा. तो पीसी चालू करू नका, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला लावा आणि नेटबँकिंग आणि डेबिट कार्ड दोन्ही ब्लॉक करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकवरून नाहीतर कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधू नका, तिथं कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात आणि एकदा फसलेला माणूस त्याच घाईत दुसऱ्यांदा फसतो. बँकेला स्पष्ट विचारा की नवीन बेनिफिशिअरी, म्हणजे पैसे पाठवायला नवीन खातं, जोडलं गेलंय का, लिमिट वाढवलंय का, एफडी मोडायची किंवा एफडीवर कर्ज काढायची रिक्वेस्ट पडलीय का. हे शेवटचं लोक विचारतच नाहीत, सेव्हिंगचा बॅलन्स बघतात, तेवढाच आहे म्हणून निवांत बसतात.

त्यानंतर जीमेल. हेही बँकेइतकंच घाईचं, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड रिसेट करायची लिंक तिथंच येते. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, सिक्युरिटीमध्ये जाऊन ओळखीचे नसलेले डिव्हाइस साइन आऊट करा, रिकव्हरी नंबर आणि ईमेल बाबांचेच आहेत का बघा, मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतंय का तेही बघा. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करून ठेवले असतील तर तेही सगळे बदलायचे. आणि बाबांना प्रेमाने विचारा की मोबाईलवरही काही घ्यायला लावलं होतं का, कारण एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट मोबाईलवर असेल तर आलेला ओटीपी त्यांना तिकडे दिसतो, मग पासवर्ड बदलून उपयोग नाही. असेल तर आधी काढून टाका.

पैसे गेले नसले तरी स्टेटमेंटवर थोडे दिवस रोज लक्ष ठेवा, आणि एक रुपया जरी हलला तरी त्या क्षणी 1930 ला फोन. हा नंबर देशभर एकच आहे. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकत जातात, मधल्या बँकेला गोठवता येतील इतक्या लवकर कळवलं तर वाचतात, म्हणून सकाळी बघू असं नाही करायचं. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्याला दिलेला ओळख नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार करायची, राज्य विचारलं की कर्नाटक टाकायचं. पोलिसांत जायचं तर जिल्ह्याचं सीईएन ठाणं असतं, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं. आपल्या सीमाभागात एक भानगड नेहमी होते, माणूस राहतो चंदगडला, खातं बेळगावात, सिम महाराष्ट्रातलं, आणि मग ह्या ठाण्यातून त्या ठाण्यात पाठवतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झालाय, त्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, झिरो एफआयआर म्हणतात ते. हे कलम तोंडावर असलं की बोलणं लवकर संपतं.

आणि बँकेला कळवल्याचा पुरावा ठेवा, एसएमएस, तक्रार नंबर, ईमेल, जे मिळेल ते. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितलं होतं की ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुमच्या केसमध्ये फोन केल्याची वेळ हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

हे झालं की निवांत बसा, मग पुढचं वाचा.

कुणी घाबरून फोन केला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, नुसतं बघितलं की काही केलं? कारण ती लाल स्क्रीन म्हणजे व्हायरस नाहीच, ती एक वेबसाइट असते, ब्राउझरमध्ये उघडलेलं साधं पान. ते फुल स्क्रीन होतं म्हणून खालचा टास्कबार दिसत नाही, माउसचा बाण लपवतात, एक खिडकी बंद केली की दुसरी उघडेल असा कोड लिहिलेला असतो, आवाज रेकॉर्ड केलेला असतो, आणि स्कॅन चाललंय असं जे दिसतं ते नुसतं चित्र हलवलेलं असतं, तुमच्या हार्ड डिस्कमधली एक फाइलसुद्धा त्याने वाचलेली नसते. तुमचा आयपी अ‍ॅड्रेस आणि गाव दाखवतात म्हणून लोक हादरतात, पण आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, कुठल्याही वेबसाइटला कळतोच आणि गाव त्यावरून अंदाजाने काढतात. खानापूरच्या माणसाला तिथं हुबळी किंवा बेंगळुरू दिसतं, कारण इंटरनेट कंपनीचं कनेक्शन तिकडचं असतं. ते चुकलेलं गाव नीट वाचलं तरी अर्धी भीती जाईल, पण सायरन वाजत असताना कोण वाचतंय.

त्या पानाला स्वतःला काही करता येत नाही, करवून घ्यायला माणूस लागतो. फोन लावा, हे डाउनलोड करा, ते टाइप करा, पैसे भरा, असं काहीतरी तुमच्या हातून झालं तरच पुढची दारं उघडतात. म्हणून त्याची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी असते, तुम्हाला दोन मिनिटं शांत बसू द्यायचं नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय की आमच्या एरर किंवा वॉर्निंगच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. बाबांना बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, हे एक पाठ करून घ्या, स्क्रीनवर धोक्याची सूचना आणि खाली फोन नंबर असेल तर ते खोटंच.

त्यातून बाहेर पडायला एस्केपचं बटन दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन जाते, मग ऑल्ट आणि एफ4. नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात क्रोम निवडून एंड टास्क. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटन दाबून धरा, काही बिघडत नाही. फक्त परत ब्राउझर उघडला की तो विचारतो मागची पानं परत आणू का, तिथं नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान परत येतं आणि माणसाला वाटतं की व्हायरस गेलाच नाही.

आता बाबांबद्दल. शिकलेला, हिशेब चोख ठेवणारा माणूस फोन कसा काय लावतो, असं तुम्हाला वाटत असणार, तुमच्या लिहिण्यात तो राग दिसतोय. त्या पानावर अश्लील स्पायवेअर सापडलं असं काहीतरी बरेचदा लिहिलेलं असतं, मुद्दाम. साठी-सत्तरीचा माणूस, आयुष्यभर गावात मान, तो हे वाचून बायकोला पण हाक मारत नाही, गुपचूप नंबर लावतो. आपल्याकडे भर पडते ती भाषेची. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, कॉम्प्युटर इंग्रजीत, फोनवरचा माणूस हिंदीत. चार भाषा कामापुरत्या येतात, पण घाईत आणि भीतीत वाचायला येते ती एकच, आणि अधिकाराने बोलणारा कागद आपल्या भाषेत नसतोच ह्याची इथल्या माणसाला लहानपणापासून सवय आहे. म्हणून न कळणारं इंग्रजी आलं की ते खोटं असेल असं वाटतच नाही. ह्यावर मी एक उपाय लोकांना करून दाखवतो, मोबाईलच्या गूगल लेन्सने ती स्क्रीन मराठीत करून वाचायची. मराठीत वाचलं की त्यातली दमदाटी उघडी पडते, कुठली कंपनी असं बोलते, हा प्रश्न आपोआप पडतो.

फोनवर पुढे काय झालं असेल तेही सांगतो, बाबांना विचारून बघा जुळतं का. बहुतेक त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडून लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवले असतील, बघा किती व्हायरस आहेत म्हणून. ते विंडोजचं आवक-जावक रजिस्टर आहे, प्रिंटर एकदा सापडला नाही, नेट दोन सेकंद गेलं, सगळं त्यात लिहिलं जातं, दुकानातून आणलेल्या नव्या मशीनमध्येसुद्धा चार दिवसांत अशा ढीगभर नोंदी होतात. दुसरी युक्ती काळ्या खिडकीत नेटस्टॅट कमांड मारायची, त्यात फॉरेन अ‍ॅड्रेस असा रकाना येतो, मग सांगायचं की परदेशातले हॅकर तुमच्या पीसीला जोडलेत. तो रकाना म्हणजे पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता, गूगल उघडलं तरी तिथं दिसणारच. तिसरी, सर्व्हिसेसची यादी काढून त्यात बंद असलेल्या दाखवायच्या, व्हायरसने बंद पाडल्या म्हणून, पण निम्म्या सर्व्हिसेस गरज नसताना बंदच असतात. ह्यातलं काहीच त्याने बनवलेलं नसतं, सगळं खरं विंडोजचंच असतं, फक्त अर्थ खोटा सांगतात. म्हणून समजूतदार माणूस पण फसतो, आपल्या डोळ्यांनी बघितलं की ओ, असं म्हणतो.

मग लायसन्सचे पैसे, नाहीतर चुकून जास्त पैसे तुमच्या खात्यात आले परत पाठवा ही थाप. त्यासाठी बँकेच्या पानावरचा आकडा ब्राउझरमध्येच बदलून दाखवतात, बँकेत काही बदललेलं नसतं, पान रिफ्रेश केलं की खरा आकडा येतो. स्क्रीन काळी झाली तेव्हा तो आपलं काम बाबांपासून लपवत होता, एनीडेस्कमध्ये तशी सोय आहे. तुमच्या केसमध्ये मला काळजी वाटते ती ह्याच मिनिटांची.

म्हणून फॉरमॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं लाल पान बघितलं असेल तर फॉरमॅटची काही गरज नाही. आमच्याच धंद्यातले काही जण अशा वेळी पण फॉरमॅट मारून, वर अँटीव्हायरसची सीडी लावून पैसे घेतात. घाबरलेल्या गिऱ्हाईकाला घाबरलेलंच ठेवायचं, ह्याचा मला मनापासून राग येतो. पण तुमच्याकडे अनोळखी माणूस मशीनमध्ये शिरला होता, काही वेळ त्याने काय केलं ते कुणी बघितलं नाही, आणि त्यात सोसायटीच्या सभासदांचे हिशेब आहेत. अशा मशीनला स्कॅन करून क्लीन आलं म्हणून मी हमी देणार नाही. एनीडेस्क काढलं तरी दुसरं एखादं रिमोट सॉफ्टवेअर मागे सोडून जातात, स्क्रीनकनेक्ट, अल्ट्राव्ह्यूअर असली, ती कंपन्या खऱ्या कामासाठी पण वापरतात त्यामुळे अँटीव्हायरस काही बोलत नाही. फॉरमॅट करा, नवीन विंडोज टाका, आणि विंडोज टाकायचं पेन ड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवा.

त्याआधी डेटा. नेट न लावता मशीन चालू करा, राउटर बंद ठेवला तरी झालं. टॅलीचा डेटा फोल्डर, त्यात पाच-सहा आकडी नंबरांची फोल्डरं असतात, एकेक कंपनीचं एकेक, तो अख्खा फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो घ्या. सेटअपच्या फाइल, ईएक्सई, झिप असलं काही घेऊ नका. कॉपी झाल्यावर ते पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर डिफेंडरने, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसने, स्कॅन करा. आणि फॉन्ट विसरू नका. मास्तर माणूस आहे म्हणजे जुनी पत्रं, ठराव, वार्षिक अहवाल श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले असणार, सोसायटीचे कन्नड कागद नुडीत असतील. हे युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारं टायपिंग, नाही, फॉन्ट गेला की फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि घरात रडारड होते की व्हायरसने सगळं खाल्लं. काही खाल्लेलं नसतं, फॉन्ट परत टाकला की सगळं दिसतं. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते वेगळे कॉपी करून ठेवा.

सोसायटीच्या चेअरमन किंवा सेक्रेटरीला पण सांगायला पाहिजे, लपवू नका. सभासदांचे खाते नंबर, फोन नंबर त्या मशीनवर होते, उद्या कुणाला सोसायटीतून बोलतोय म्हणून फोन आला तर त्यांना आधीच माहीत असलेलं बरं. बाबांनाच जाऊन सांगू दे, तुम्ही सोबत असा.

अँटीव्हायरस कुठला, ह्याचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, अपडेट चालू पाहिजेत. क्विक हील किंवा दुसरं विकतचं असेल तर असू दे, पण बाबांना जे झालं ते कुठल्याच अँटीव्हायरसने अडवलं नसतं, कारण फोन बाबांनी लावला आणि एनीडेस्क हे खरं सॉफ्टवेअर आहे. त्यापेक्षा ही कामं करा. बाबांचं रोजचं लॉगिन स्टँडर्ड यूजर, म्हणजे मशीनमध्ये मोठे बदल करायचे हक्क नसलेलं, ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. फायरफॉक्स टाकून त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवा, कारण ही लाल पानं बहुतेक जाहिरातींच्या वाटेने येतात, जाहिरात थांबली की वाटच बंद. एज वापरत असतील तर त्यात स्केअरवेअर ब्लॉकर म्हणून सेटिंग आलंय ते चालू करा, ते अशी फुल स्क्रीन पानं ओळखून थांबवतं. आणि उतारा, बँक, वीजबिल ह्यांच्या खऱ्या साइटचे शॉर्टकट डेस्कटॉपवर मराठी नावं देऊन ठेवा. कर्नाटकातल्या उताऱ्याची, म्हणजे आरटीसीची, सरकारी साइट लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन, पण बाबा दर वेळी गूगलवर आरटीसी म्हणून शोधणार आणि वरची जाहिरात दाबणार, तिथूनच हे सगळं सुरू होतं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय हे मात्र खरं आहे. घरच्या मशीनला सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. मशीनला विंडोज 11 चालत असेल तर फॉरमॅट करतानाच तेच टाका. ह्या खऱ्या बातमीचा आधार घेऊन तुमचं विंडोज संपलं असं सांगणारे खोटे फोन येतात, तेव्हा बाबांना तारीख माहीत असू दे.

हा धंदा नवा नाही. 1989 मध्ये एड्सची माहिती म्हणून हजारो लोकांना पोस्टाने फ्लॉपी पाठवल्या होत्या, मशीन 90 वेळा चालू झालं की फाइलींची नावं लपायची आणि 189 डॉलर पनामाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा असा कागद प्रिंटरमधून निघायचा. 2008 च्या आसपास अँटीव्हायरस एक्सपी नावाची खोटी अँटीव्हायरसं आली, फुकट स्कॅन, शेकडो व्हायरस सापडले, काढायचे तर पैसे भरा. आपल्याकडे पण ती खूप मशीनवर होती. आणि मोठं नाव असलं म्हणजे खरंच असेल असंही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो ह्या दुकानांच्या साखळीत पीसी हेल्थ चेक म्हणून फुकट तपासणी करायचे, सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे, मशीन हळू चालतं का वगैरे, त्यातल्या एकाला जरी हो म्हटलं तरी मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं सापडली असा निकाल यायचा, स्कॅनचा त्याच्याशी काही संबंध नाही. 2019 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून अडीच कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीकडून एक कोटी डॉलर वसूल केले. म्हणून कुठलाही क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर 1,200 एरर सापडल्या म्हणाला तर लगेच काढून टाका, ते सापडण्यासाठीच लिहिलेलं असतं.

आता लाल पानाचे भाऊबंद, कारण बाबांचा नंबर आता त्यांच्या यादीत गेलाय, आणखी काहीतरी येणार. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात मॅकॅफी अँटीव्हायरस संपलं, पाच व्हायरस सापडले असं सारखं येत असेल तर तो ब्राउझरचा नोटिफिकेशन आहे, कधीतरी मी रोबोट नाही म्हणून अलाऊ दाबलेलं असतं. बारीक अक्षरात साइटचं नाव दिसतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनमध्ये जाऊन ती साइट काढली की संपलं, दोन मिनिटांचं काम, ह्यासाठी मशीन उचलून दुकानात आणू नका.

मला सध्या सगळ्यात जास्त भीती वाटते ती खोट्या कॅपचाची. माणूस असल्याचं सिद्ध करा म्हणून पान सांगतं, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. वाचायला निरुपद्रवी, पण तुम्ही पानावर क्लिक केलं तेव्हाच एक कमांड गुपचूप कॉपी झालेली असते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता, पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर आत येतं आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. लाल पान ओरडतं म्हणून कळतं तरी. कुठल्याच खऱ्या साइटला विंडोज-आर लागत नाही.

आणि खरंखुरं नुकसान करणारं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर, ओळखायची खूण वेगळी आहे. फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागतं, टॅली उघडत नाही, फोटो उघडत नाहीत, प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची टेक्स्ट फाइल. फोन नंबर किंवा सायरन नसतो. घरगुती मशीनवर जास्त करून स्टॉप जव्हू नावाचं आलेलं बघितलंय, ते क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतं, फुकटातलं टॅली, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची फाइल असल्यातून. आत फाइली कुलूपबंद होत असताना वर विंडोज अपडेट चाललंय अशी खोटी खिडकी दाखवतं म्हणजे तुम्ही मशीन बंद करू नये. मागणी 980 डॉलर, 72 तासांत दिले तर 490. असं झालं तर पैसे देऊ नका, डिस्क जपून ठेवा आणि नो मोअर रॅन्सम ह्या साइटवर बघा, 2016 मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी मिळून काढलीय, काही प्रकारांची किल्ली तिथं फुकट मिळते. तुमच्या घरचं टॅली लायसन्सचं आहे का, हा प्रश्न मी इथं मुद्दाम विचारतोय.

मोबाईलवर आरटीओ चलन, पीएम किसान, लग्नपत्रिका अशा नावाच्या एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून, त्या उघडायच्या नाहीत, एवढंच.

पोलीस, सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉल आला तर डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे आई-बाबा दोघांनाही आजच सांगा. खानापूर तालुक्यातच 2025 मध्ये अशाच छळाला कंटाळून एका वृद्ध जोडप्याने जीव दिला, तुम्ही पण वाचलं असेल. त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि म्हणूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाला एवढं लांबून येतोय.

बाबांचं नेटबँकिंग हिसकावून घेऊ नका. आज घेतलंत तर पुढच्या वेळी काही झालं की ते तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि ह्या लोकांना नेमकं तेच पाहिजे असतं. त्यापेक्षा पेन्शन आणि एफडीचं खातं वेगळं करा, त्याला यूपीआय जोडू नका, नेटबँकिंग नुसतं बघण्यापुरतं मिळतं का ते शाखेत विचारा, बऱ्याच बँका देतात. रोजच्या खर्चाचं छोटं खातं बाबांच्या हातात राहू दे, त्याचं रोजचं लिमिट चार-पाच हजार करून ठेवा, आणि त्या खात्याच्या एसएमएसला आईंचा नंबर जोडता आला तर बघा, प्लग त्यांनीच ओढलाय की.